फिरत्या त्रिकोणाचा तोल

या सदराकडे येणारी पत्रे बहुधा शिवणयंत्र, पाण्याचा पंप, नाहीतर कपडे धुण्याचे यंत्र यांविषयी असतात. परंतु गेल्या महिन्यात बडोद्याच्या एका वाचक भगिनींचे जे पत्र आले, त्याने आम्हांस अंमळ चकित केले. त्यांचे चिरंजीव न्यूझीलंडमध्ये ऑकलंड येथे स्थायिक आहेत. त्यांच्याकडे १९९० सालची माझदा आर.एक्स.-७ ही टर्बो बसविलेली मोटार आहे, आणि तिचे इंजिन त्यांनी घरच्या गॅरेजमध्ये उघडून ठेवले आहे. रविवारी दूरध्वनीच्या पडद्यावर मातोश्रींना रोज नवीन काहीतरी दिसते. परवा स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर एक काळा, जाडजूड, तीन कोपऱ्यांचा लोखंडी ठोकळा ठेवलेला दिसला. तसाच दुसरा बाजूला होता, त्याला तडा गेलेला. आता त्या जागी बसवायला एक विक्रेता निम्म्या किमतीत दुसऱ्या इंजिनातील ठोकळा देऊ करतो आहे. "वजन सारखेच आहे, बिनधास्त बसवा" असे तो म्हणतो. भगिनी लिहितात, "मुलाने तुम्हांला विचारलेले नाही, मीच विचारते आहे. ही वस्तू काय, ती एवढी तोलायची कशाला, आणि हा सौदा करावा की नाही?"

प्रश्न तीन असले तरी त्यांचे उत्तर एकाच सूत्रात आहे, आणि त्यातला विक्रेत्याचा मुद्दा तर मोठा फसवा आहे. म्हणून यंदाचा सगळा मजकूर याच विषयाला द्यावा असे आम्ही ठरविले.

आपल्या मोटारींच्या इंजिनात दट्ट्या नळकांड्यात वर-खाली धावतो आणि त्याच्या येरझाऱ्या क्रँकशाफ्टच्या साह्याने गोल फिरण्यात बदलतात. फेलिक्स वँकेल या जर्मन संशोधकाला (जन्म १९०२, निधन १९८८) ही येरझार मुळातच टाळायची होती. गंमत अशी की मोटारींच्या इतिहासात नाव कोरणाऱ्या या गृहस्थाने मोटार चालविण्याचा परवाना जन्मात कधी घेतला नाही. त्यांची दृष्टी अधू होती. एन.एस.यू. या जर्मन कंपनीत त्यांचे पहिले इंजिन १९५७ साली चालले. आज आपण ज्याला वँकेल इंजिन म्हणतो त्याचा सुटसुटीत आराखडा मात्र त्याच कंपनीतील हान्स डीटर पाश्के यांनी पुढे आणला. १९६१ मध्ये हिरोशिमाच्या तोयो कोग्यो कंपनीने, म्हणजेच माझदाने, त्याचा परवाना घेतला. केनिची यामामोतो यांच्या हाताखालील अभियंत्यांनी तेथे जी झुंज दिली ती स्वतंत्र लेखाचा विषय आहे. इंजिनाच्या आतील भिंतीवर लहरींसारख्या आडव्या खाचा उमटत. त्यांना तेथील मंडळी "सैतानाच्या नखांचे ओरखडे" म्हणत. हा दोष आवरल्यावरच मे १९६७ मध्ये माझदाची दोन रोटरांची कॉस्मो स्पोर्ट ही मोटार बाजारात आली. आर.एक्स.-७ आली १९७८ मध्ये आणि २००२ पर्यंत बनत राहिली.

आता तो तीन कोपऱ्यांचा ठोकळा. तोच रोटर. समोश्याच्या तिन्ही कडा किंचित फुगीर केल्या की जो आकार होईल तो त्याचा. तो ज्या पोकळीत फिरतो तिला हाऊसिंग म्हणतात, आणि तिचा आकार दोन दाण्यांच्या भुईमुगाच्या शेंगेसारखा. फक्त कंबर तितकी आवळलेली नाही. रोटरचे तिन्ही कोपरे सतत हाऊसिंगच्या भिंतीला घासून चालतात, त्यामुळे रोटर आणि भिंत यांच्या मध्ये तीन कप्पे पडतात. रोटर फिरू लागला की प्रत्येक कप्पा मोठा-लहान, मोठा-लहान होत जातो. त्यातच हवा-पेट्रोल आत येणे, दाबले जाणे, पेट घेणे आणि धूर बाहेर जाणे ही चारही कामे झडपांशिवाय उरकतात.

तथापि रोटर आपल्या जागीच गरगर फिरत नाही, आणि तोलाचा सगळा प्रश्न येथेच जन्म घेतो. त्याच्या मधोमध असलेल्या बेअरिंगमधून एक्सेंट्रिक शाफ्ट जातो. या शाफ्टवर रोटर बसण्याची जागा शाफ्टच्या मध्यापासून १५ मि.मी. बाजूला सरकवलेली असते. म्हणून रोटर एकाच वेळी दोन गतींनी चालतो: त्याचा मध्यबिंदू शाफ्टभोवती १५ मि.मी. त्रिज्येचे वर्तुळ काढीत शाफ्टच्याच वेगाने धावतो, आणि तो स्वतःभोवती मात्र शाफ्टच्या एक तृतीयांश वेगाने वळतो. रोटरमधील चक्राला ५१ दाते आणि इंजिनाच्या बाजूच्या तबकडीत पक्के बसविलेल्या चक्राला ३४ दाते. या दात्यांच्या हिशेबामुळे हे प्रमाण कधी चुकत नाही. पृथ्वी सूर्याभोवती फिरते आणि स्वतःभोवतीही फिरते, तसेच हे आहे. फक्त येथे वर्ष लहान आणि दिवस मोठा!

ऑकलंडच्या मोटारीतील इंजिन १३बी जातीचे आहे. त्यात असे दोन रोटर एकामागे एक असतात. त्यांची रुंदी प्रत्येकी ८० मि.मी. आणि दोन्ही मिळून क्षमता १३०८ घन सें.मी. दोघांच्या मध्यबिंदूंची तोंडे परस्परविरुद्ध दिशांना: पुढचा वर असेल तेव्हा मागचा खाली. का, ते आमच्या भगिनीवर्गाला सांगावयास नको. मंगळागौरीला फुगडी घालताना दोघीजणी हात धरून मागे झुकतात आणि एकमेकींच्या ओढीने सावरल्या जातात. दोघींचे वजन सारखे असेल तर फुगडी एका जागी रंगते. एक स्थूल आणि दुसरी किडकिडीत असेल तर सगळी जोडी अंगणभर भरकटत जाते. रोटरांची फुगडी मिनिटाला सात हजार फेऱ्यांची असते, एवढाच फरक.

पण एवढ्यानेही भागत नाही. फुगडीतील दोघी समोरासमोर असतात. रोटर मात्र एक पुढे, एक मागे. ताकाच्या रवीच्या दांड्याला वरच्या टोकापाशी उजवीकडे आणि खालच्या टोकापाशी डावीकडे अगदी सारख्या वजनाचे दोन गोळे बांधून पाहावेत. दांडा आडवा धरून सोडला तर तो कोणत्याही एका बाजूला वळणार नाही, म्हणजे तागडीच्या न्यायाने तोल बरोबर आहे. पण घुसळू लागताच दोन्ही टोके विरुद्ध दिशांना हेलकावे खाऊ लागतील. हा डगमगता जोर मारण्यासाठी इंजिनाच्या पुढच्या टोकाला एक आणि मागच्या टोकाला एक अशी दोन तोलवजने शाफ्टवर बसविलेली असतात. कारागीर त्यांना काउंटरवेट म्हणतात. पुढचे तोलवजन पुढच्या रोटरच्या विरुद्ध दिशेला आणि मागचे मागच्याच्या. हातगियरच्या अनेक मोटारींत मागचे तोलवजन फ्लायव्हीलमध्येच ओतलेले असते. आपोआप गियर बदलणाऱ्या गाडीत ते वेगळे असते. वाचकांच्या ध्यानी आलेच असेल की ही वजने कोणत्यातरी ठरावीक वजनाचे रोटर गृहीत धरूनच घडविलेली असणार. ही गोष्ट पुढे फार उपयोगी पडणार आहे.

आता थोडे आकडे, कारण आकड्यांवाचून "थोडासा फरक" या शब्दांना अर्थ येत नाही. १३बी इंजिनाचा रोटर साडेचार किलोच्या आगेमागे असतो. शाफ्ट मिनिटाला ७००० फेऱ्या घेत असताना १५ मि.मी.च्या त्या इवल्याशा वर्तुळावर धावणारा एक किलो लोखंडाचा तुकडा सुमारे ८२० किलोच्या भाराने बाहेर ओढ घेतो. म्हणजे एका रोटरची ओढ झाली साडेतीन टनांहून अधिक. समोरचा रोटर आणि तोलवजने ती झेलतात म्हणून ती आपल्याला जाणवत नाही. दोन रोटरांत १० ग्रॅमचा फरक राहिला तर उरलेली ओढ सुमारे ८ किलो. तीही सेकंदाला जवळजवळ ११७ वेळा दिशा फिरवीत. फरक १०० ग्रॅमचा असेल तर हीच ओढ ८० किलोंच्या वर जाते. एक जडदेही मनुष्य इंजिनाच्या शाफ्टला लोंबकळून सेकंदाला ११७ प्रदक्षिणा घालतो आहे अशी कल्पना करावी. वेग निम्मा केला की ओढ चौथाईवर येते. म्हणूनच असे इंजिन घराच्या दारात संथ चालताना अगदी गोड वाटते. मालक समाधानाने झाकण लावतो, आणि दोष कळतो तो महामार्गावर.

इतके वाचल्यावर कोणीही म्हणेल की मग दोन रोटर काट्यावर सारखे उतरले म्हणजे झाले. विक्रेत्याचेही हेच म्हणणे आहे. आमचे मत याच्या नेमके उलट आहे: रोटर आधी ओळखावा, मग तोलावा. वजन ही त्याची शेवटची खूण होय, पहिली नव्हे.

ओळख पटवायची ती अशी. प्रथम रुंदी. माझदाच्या १२ए इंजिनाचा रोटर ७० मि.मी. रुंद, १३बीचा ८०. येथे चूक होणे कठीण, कारण ७०चा रोटर ८०च्या हाऊसिंगमध्ये सैल पडेल. दुसरी खूण कोपऱ्यांवरील खाचांची. प्रत्येक कोपऱ्यात एक उभी पट्टी बसते. तिला एपेक्स सील म्हणतात, आणि भिंतीशी घासून कप्पे परस्परांपासून वेगळे राखण्याचे काम तिचे. आर.एक्स.-७च्या पहिल्या पिढीत ही पट्टी ३ मि.मी. जाडीची असे, १९८६ पासूनच्या दुसऱ्या पिढीत २ मि.मी.ची झाली. खाचेत मोजपट्टी घातली की रोटर कोणत्या काळातला ते बरेचसे कळते. जुन्या झिजलेल्या खाचेत पट्टी डुलते, तेही याच वेळी पाहून घ्यावे.

तिसरी खूण आमच्या मते सर्वांत महत्त्वाची, आणि डोळ्यांना दिसत असूनही तिच्याकडेच सर्वाधिक दुर्लक्ष होते. रोटरच्या तिन्ही फुगीर अंगांवर एकेक लांबट खळगा असतो. मिश्रण पूर्ण दाबले जाते तेव्हा बरेचसे याच खळग्यात गोळा होते. म्हणून खळगा खोल असेल तर दाब कमी, उथळ असेल तर दाब जास्त. दुसऱ्या पिढीतील टर्बो गाड्यांत १९८८ पर्यंतच्या रोटरांचे कॉम्प्रेशनचे प्रमाण ८.५ होते, १९८९ पासून ते ९.० झाले. टर्बो नसलेल्या गाड्यांत ते आधी ९.४ आणि मग ९.७. पुढे २००३ साली आलेल्या आर.एक्स.-८मध्ये १०.०. आता एका कप्प्याची क्षमता ६५४ घन सें.मी. धरून हिशेब केला, तर ९.० प्रमाणाला मिश्रण सुमारे ८२ घन सें.मी. जागेत दाबले जाते आणि ८.५ला सुमारे ८७ मध्ये. फरक पाचेक घन सें.मी.चा, म्हणजे चहाचा एक चमचा! हा चमचाभर फरक वजनकाट्याला दिसत नाही. पण एका रोटरचा धक्का जोरकस आणि दुसऱ्याचा मवाळ, असे इंजिन कितीही तोलले तरी लंगडतच चालणार. शिवाय टर्बोच्या गाडीत मिश्रणाची आणि ठिणगीची योजना दोन्ही रोटरांना एकच असते. मवाळ रोटरला मानवणारा टर्बोचा दाब चढा रोटर सोसेलच असे नाही. त्याच्या कप्प्यात अवेळी स्फोट होऊ लागले की एपेक्स सीलच्या चिरफळ्या उडतात, आणि त्या तुकड्यांनी हाऊसिंगही जाते.

चौथी खूण अक्षराची. माझदाच्या कारखान्यात प्रत्येक रोटर वजन करून त्याच्या बाजूच्या पृष्ठभागावर इंग्रजी लिपीतील ए, बी, सी, डी, ई यांपैकी एक अक्षर ठोकीत. ही पाच अक्षरे म्हणजे वजनाच्या पाच प्रती, सी मधली. कोणत्या अक्षराशी कोणते चालते याचा तक्ता त्या त्या इंजिनाच्या दुरुस्ती-पुस्तिकेत असतो. दोन्ही अक्षरे एकच असतील तर उत्तम. कार्बनच्या थराखाली हे अक्षर हरवलेले असते, म्हणून काट्यापूर्वी ब्रश हाती घ्यावा.

याच अक्षरावरून पुष्कळजण फसतात. अक्षर हे त्या रोटरच्या आपल्या कुळातील स्थान सांगते, सगळ्या जगातील नव्हे. इयत्ता चौथीतील पहिला क्रमांक आणि आठवीतील पहिला क्रमांक दोन्ही "पहिलेच", म्हणून त्यांना एका बाकावर बसवून एकच प्रश्नपत्रिका कोणी देत नाही. १९८७च्या रोटरवरील सी आणि १९९०च्या रोटरवरील सी हे असेच दोन इयत्तांतील आहेत. माझदाने रोटर पिढीगणिक हलके करीत नेले आणि त्या त्या रोटरांप्रमाणे तोलवजनेही बदलली. म्हणूनच १९८६ ते १९८८, १९८९ ते १९९१, १९९३ ते १९९५ अशा काळांसाठी मागची तोलवजने निरनिराळी मिळतात.

आता भगिनींच्या तिसऱ्या प्रश्नाकडे वळू. विक्रेता देऊ करीत असलेला रोटर १९८७च्या टर्बो गाडीतील आहे असे पत्रात नमूद आहे. चिरंजीवांचे इंजिन १९९०चे. काट्यावर दोघे योगायोगाने सारखे उतरतीलही, कारण एका कुळातला जड आणि दुसऱ्या कुळातला हलका यांची गाठ मध्ये कोठेतरी पडू शकते. वापरलेल्या मालात कोणीतरी आधीच धातू काढून वजन जुळविलेले असण्याचाही संभव असतो. पण खळगा वेगळा आहे. तेव्हा सौदा करू नये. निम्मी किंमत वाचेल, आणि उरलेले इंजिन पणाला लागेल. १९८९ ते १९९१ या काळातील टर्बोचाच, शक्यतो त्याच अक्षराचा रोटर शोधावा. त्याला वेळ लागला तर लागू द्यावा. गॅरेजमध्ये उघडे पडलेले इंजिन मातोश्रींना बघवत नसेल, हे आम्ही समजू शकतो.

योग्य रोटर मिळाला की मग काट्याची पाळी. स्वयंपाकघरातील पाच किलोंपर्यंतचा, एक ग्रॅम दाखविणारा काटा या कामाला पुरतो. हसण्यासारखे त्यात काही नाही. आपल्याला खरे वजन नको आहे, दोघांतील फरक हवा आहे, आणि एकाच काट्याची खोड दोघांना सारखीच लागू पडते. मात्र दोन्ही रोटर एका अवस्थेत असावेत. रोटर आतून पोकळ असतो. थंड ठेवण्यासाठी त्यात तेल खेळते. या पोकळीत वर्षानुवर्षांचा तेलाचा गाळ दडून बसतो आणि तो काही ग्रॅमांचा सहज असतो. तेव्हा आतून-बाहेरून धुऊन, वाळवून, सर्व सील आणि स्प्रिंगा काढून, आणि बेअरिंग दोन्हींत ठेवून किंवा दोन्हींतून काढून तोलावे. एकात नवे बेअरिंग आणि दुसऱ्यात जुने, असे करू नये. तीनदा तोलावे, दर वेळी रोटर काट्यावर थोडा फिरवून ठेवावा.

फरक निघालाच तर जड रोटरची धातू काढून त्याला हलक्याच्या बरोबरीला आणतात. हलक्याला वजन कधी जोडीत नाहीत. धातू काढायची ती तिन्ही कोपऱ्यांच्या बाजूने सारखी, आणि रोटरच्या फुगीर अंगांना हात न लावता, कारण ज्वालेचा दाब तीच अंगे झेलतात. सारखी का, याचे कारण या इंजिनाचा एक खास स्वभाव आहे. आम्ही उमेदीची वर्षे पंपांच्या कारखान्यात इम्पेलर तोलण्यात काढली. इम्पेलर शाफ्टला पक्का असतो. त्याची एक बाजू जड निघाली तर शाफ्टवर दुसरीकडे भर घालून निभावता येते. रोटरचे तसे नाही. तो स्वतःभोवती शाफ्टच्या एक तृतीयांश वेगाने वळतो, हे वर सांगितले आहे. समजा त्याचा एक कोपरा ५ ग्रॅमने जड आहे. शाफ्टच्या एका फेरीत हा जड कोपरा तोलवजनाच्या समोर असेल, तर पुढच्या फेरीत तो भलतीकडे गेलेला असेल आणि तिसऱ्या फेरीअखेर पुन्हा जागेवर येईल. तोलवजन मात्र प्रत्येक फेरीला आपल्या ठरल्या जागीच आहे. म्हणजे रोटरचा स्वतःचा असमतोल जगातील कोणत्याही तोलवजनाने मिटत नाही. तो रोटरमध्येच मिटवावा लागतो. त्यासाठी बेअरिंगच्या छिद्रात नेमका बसणारा गोल दांडा घालून, तो दोन सपाट, समपातळीतील धारांवर ठेवून रोटर मोकळा सोडतात. दर वेळी एकच कोपरा खाली येऊन थांबला, तर तो जड. एकूण वजन तंतोतंत सारखे असलेल्या दोन रोटरांतही हा दोष असू शकतो, आणि काट्यावर तो मुळीच दिसत नाही.

सर्वांत शेवटी शाफ्ट. बॅलन्सिंगच्या यंत्रावर शाफ्ट, पुढचे तोलवजन आणि फ्लायव्हील जोडून फिरवितात. पण रोटर त्यावर चढवीत नाहीत, कारण हाऊसिंगवाचून तो आपल्या मार्गाने चालणार कसा? त्याच्या जागी तितक्याच वजनाची गोल डमी वजने आवळतात. हे वजन ठरविताना रोटर, बेअरिंग, सील आणि चालत्या इंजिनात रोटरच्या पोटात राहणारे तेल, ही सगळी बेरीज धरावी लागते. तेलाचा विसर पडणे ही येथली नेहमीची चूक. यंत्र दोन्ही टोकांचा चुकार भार आणि त्याची दिशा दाखविते, आणि तोलवजनात किंवा फ्लायव्हीलमध्ये छिद्रे पाडून तो काढतात.

हा सगळा खर्च प्रत्येकाने करावा काय? येथे आमचे मत काही दुकानदारांना रुचणार नाही. रस्त्यावर चालवायच्या गाडीत मूळचे दोन्ही रोटर, मूळची तोलवजने आणि मूळचे फ्लायव्हील पुन्हा जात असतील, तर यंत्रावर तोलण्याची गरज सहसा नसते. कारखान्याने ते काम एकदा चोख केलेले आहे, आणि दोन-चार ग्रॅमांच्या पाठीमागे लागण्यापेक्षा ते पैसे चांगल्या सीलवर खर्चावेत. रोटर बदलला पण कुळ आणि अक्षर तेच राहिले, तर काट्यावर खात्री करून घ्यावी आणि पुढे जावे. पण शर्यतीसाठी इंजिन अधिक वेगाने फिरवायचे असेल, रोटर छाटून हलके केले असतील, किंवा हलके फ्लायव्हील बसवायचे असेल, तर मात्र यंत्राला पर्याय नाही. फ्लायव्हीलची गोष्ट विशेष जपावी. रोटरांची जोडी ग्रॅमपर्यंत जुळविणारी मंडळी दुसऱ्या सालच्या गाडीचे फ्लायव्हील सहज उचलून लावतात. त्यात ओतलेले तोलवजन निराळ्या रोटरांचे आहे, हे त्यांच्या ध्यानीही येत नाही.

जाता जाता एका गोष्टीचा उल्लेख केला पाहिजे. शेतावरील एका नळकांड्याचे डिझेल इंजिन चालू झाले की जमीन हादरते. त्यातला दट्ट्या सरळ रेषेत येरझारा घालतो आणि फिरत्या वजनाने तो हादरा पुरता मारता येत नाही. एका दिशेचा मारावा तर दुसरीकडे नवा उभा राहतो. वँकेलच्या इंजिनात येरझार करणारा असा दट्ट्याच नाही, म्हणून एकटा रोटरही पुढच्या-मागच्या तोलवजनांनी पूर्णपणे तोलता येतो. माझदाने २०२३ साली एम.एक्स.-३० या मोटारीसाठी ८३० घन सें.मी.चे असे एकाच रोटरचे इंजिन काढले. ते चाके फिरवीत नाही, नुसती वीज निर्माण करते. त्याच्या दुरुस्तीत जोडी जुळविण्याचा प्रश्न उद्भवत नाही; पण त्याच्या दोन्ही टोकांच्या तोलवजनांचा रोटरशी मेळ राहील, हे तेथेही पाहावेच लागेल, आणि फुगडीला जोडीदार नसल्यामुळे तेथे सगळा भार त्या दोन वजनांवरच आहे.